हातोदला राहिलेला डबा

मी दहा वर्षं बियर बनवली. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या मराठी मंडळींत सुनंदा, म्हणजे माझी बायको, "हे अजून डेअरी लाइनमध्येच आहेत" असंच सांगायची. ते अगदीच खोटं नव्हतं. स्टीलच्या टाक्या त्याच, पाइप तेच, धुण्याची कटकट तीच. फक्त टाकीत दुधाऐवजी दुसरं काहीतरी असायचं. मुलीचं लग्न होईपर्यंत ही डेअरी बिनबोभाट चालली. पुढे एकदा जावईच जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्या डेअरीतलं दूध मागच्या शनिवारी प्यायलो. मस्त होतं." त्यानंतर सुनंदाने तो विषय सोडला.

आमच्या मंडळींनी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगितल्यावर मी कागद घेऊन बसलो खरा, पण मी कधी कुठे लागलो आणि कधी कायम झालो यात माझा मलाच रस वाटेना. डोळ्यांसमोर एकच वस्तू येत राहिली: आमचा एक स्टीलचा डबा. सुनंदाच्या आईने स्वतःचं नाव घालून दिलेला, घट्ट झाकणाचा. तो वर्षाहून जास्त काळ हातोदला, म्हणजे इंदूरजवळच्या गावी, कैलाशकडे पडून होता. या सगळ्या नोकरीत मी एकाच माणसाचा अपराधी आहे आणि तो माणूस म्हणजे कैलाश. त्यामुळे लिहायचं तर डब्याबद्दलच लिहायला हवं. पण त्याआधी काम काय होतं ते सांगतो.

बायपासवरच्या एका हॉटेलात लायसन्स घेऊन बियर बनवायची सोय केली होती. तिथेच बनवायची, तिथेच प्यायची. तळघरात काचेच्या भिंतीमागे आमच्या टाक्या होत्या. लोक जेवायला आले की पोरांना काचेपाशी आणून दाखवायचे, "देख, अंकल दवाई बना रहे हैं." मी हात हलवायचो.

बियरचं मूळ साधं आहे. मोड आणून वाळवलेला जव भरडून गरम पाण्यात ठेवला की गोड पाणी निघतं. ते हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि बदल्यात दोन गोष्टी देतं, दारू आणि गॅस. ज्या घरात इडलीचं पीठ सकाळी पातेल्याबाहेर आलेलं पाहिलंय त्या घराला यापुढचं समजवायला नको.

आमच्याकडची खुबी पुढची. उघड्या टाकीत हा गॅस उडून जातो. आम्ही टाकी घट्ट बंद करून, दाबाखाली आंबवायचो, कुकरसारखी. कुकरला शिट्टी असते तसा टाकीला एक व्हॉल्व्ह असतो, ठरवलेल्या आकड्यापलीकडे दाब गेला की तो हळूच सुस्कारा सोडतो. असं केलं की बियरला स्वतःच्याच श्वासाने फसफस येते, वरून गॅस मारावा लागत नाही. मात्र एकदा टाकी बंद झाली की पेल्यात पडेपर्यंत बियरला हवा लागता कामा नये. दुधाला हवा लागली तर फार तर साय येते. बियरला लागली की तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि ती चव येते कुणा पुण्याहून आलेल्या इंजिनियरच्याच पेल्यात, जो दोन देशांत बियर पिऊन आलेला असतो.

तयार बियर टाकीतून केगमध्ये जायची. केग म्हणजे स्टीलचं उभं पिंप, आमचे वीस लिटरचे होते आणि त्यांना वर हात जाईल एवढं झाकण असायचं. आधी केग धुवायचा, जंतुनाशकाने विसळायचा, उपडा करून निथळायचा, झाकण लावायचं. मग गॅस भरून आतली हवा घालवायची आणि दाब टाकीएवढाच ठेवायचा. मग टाकीच्या बुडापासून केगच्या बुडापर्यंत एक नळी, केगच्या माथ्यापासून टाकीच्या माथ्यापर्यंत दुसरी. दोन्हीकडे दाब सारखा, टाकी वर, केग खाली. बियर आपल्या वजनाने, आवाज न करता उतरते. घाई केली की फेस, आणि फेस झाला की अर्धा केग वाया. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात आवडतं काम होतं. अर्धा तास काही न करता लक्ष देऊन उभं राहायचं. संसारात ही संधी कुठे मिळते?

केग भरला हे कळायचं कसं? आत तर दिसत नाही. लोक वजनकाटा वापरतात. आमच्याकडे कैलाशचा तळहात होता. थंड बियर जसजशी चढते तसतसं बाहेरचं स्टील गार होत जातं. कैलाश केगवर हात फिरवायचा आणि सांगायचा, "दादा, चार उँगल बाकी." थोड्या वेळाने, "दो." मग, "बस." मी पहिल्या महिन्यात हट्टाने काट्यावर तपासून पाहिलं. मग काटा गुंडाळून ठेवला.

कैलाश हातोदचा. डेअरीत माझ्या हाताखाली कॅन धुवायला लागला आणि पाच वर्षं तिथे होता. मी हॉटेलात आलो तेव्हा त्याला बरोबर घेऊन आलो. "दादा, दारू का काम है, घर में क्या बोलूँगा?" त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "मी सांगतो तेच सांग. डेअरी लाइन." पहिल्या बसने यायचा. पंचेचाळिशीचा, बोलणं कमी, केग धुऊन झाल्यावर त्यात नाक घालून एकदा वास घ्यायची सवय. त्याच्या हातून धुतलेल्या केगला पाण्याचासुद्धा वास येत नसे.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही एकेक यायची. मल्हारगंजातले एक जाडजूड आजोबा बियर मागवायचे आणि खिशातून जीरावन मसाल्याची पुडी काढून वर भुरभुरायचे. पोह्यावर टाकतात तसं. मला वर बोलावून सांगितलं, "भिया, चीज अच्छी बनाते हो, बस मसाला भूल जाते हो." एकदा एक बाई काचेवर टकटक करत राहिल्या. त्यांचं जिलबीचं दुकान होतं आणि पीठ आंबत नव्हतं. त्यांना आमचं यीस्ट हवं होतं. मी म्हटलं, मावशी, ह्याची जिलबी खाऊन लोक गाणी म्हणतील. त्या म्हणाल्या, "चलेगा." दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांचं पीठ बघून आलो. पाणी फार गार वापरत होत्या.

एवढ्या चांगल्या दिवसांत मालतीकाकू आल्या.

काकू जुन्या इंदूरच्या. नवऱ्याचे आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्यात होते, असं त्या पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या. मीही माझे पणजोबा संस्थानच्या पागेत होते ते सांगितलं. आमच्याकडे मराठी माणसाची ओळख अशी पणजोबांपासून सुरू होते. नवरा गेल्यावर काकू लोकांकडे पोळ्या करायच्या. हॉटेलच्या किचनमध्ये लागल्या, पण तासन्तास उभं राहणं जमेना म्हणून त्यांना खाली माझ्याकडे पाठवलं. मी त्यांना बसून करायचं काम दिलं. कैलाश केग धुऊन, विसळून, उपडे घालायचा. निथळले की काकूंनी सरळ करायचे, बाहेरून पुसायचे, रबराची रिंग बसवून झाकण लावायचं आणि ट्रॉलीवर ठेवून माझ्याकडे पाठवायचे. काम एवढंसं होतं की त्यात चूक होऊ शकते हे माझ्या मनातही आलं नाही.

दोनेक महिने गेले. उन्हाळ्याचे दिवस. हॉटेलच्या लॉनवर एका कंपनीचा कार्यक्रम होता. असल्या कार्यक्रमांचे केग तीन-चार दिवस आधी भरून वरच्या स्टोअरमध्ये ठेवायचे, कारण आमची कोल्ड रूम लहान. नळापाशी बर्फाची पेटी असायचीच, तिच्यातून जाताना बियर गार व्हायची. त्या दिवशी नळ उघडला आणि पेल्यात नुसता फेस. दुसरा केग लावला, तेच. तिसऱ्याचा जोड सोडताना वाढप्याचा शर्ट भिजला. श्रीरंग, म्हणजे आमचा मॅनेजर, धावत खाली आला. हा मूळचा पुण्याचा, वर्षभरापूर्वी इंदूरला आलेला. "शरदजी, लोक ग्लास घेऊन उभे आहेत आणि नळातून शेव्हिंग क्रीम येतंय."

मी वर गेलो. एक पाहुणे पेला तिरका करून फेस न्याहाळत होते. म्हणाले, "भिया, ये पीने का है कि खाने का? चम्मच भिजवा दो." सगळे हसले, मीही हसलो. 

पुढच्या पंधरवड्यात असं आणखी दोनदा झालं. मी गेज बदलले, नळ्या बदलल्या, दाब कमी केला. एक गोष्ट लक्षात आली: कोल्ड रूममधले केग शहाण्यासारखे वागत होते, वरच्या स्टोअरमध्ये उन्हाळा खाल्लेलेच उसळत होते. म्हणजे केगमध्ये काहीतरी जिवंत होतं आणि उबेत ते काहीतरी खात होतं. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं. इथून पुढे त्याने डेअरीचा रस्ता धरला.

कैलाश रोज घरून दही आणायचा. म्हशीचं, सुरीने कापावं असं. अकरा वाजता मागच्या निंबाखाली बसून दही-रोटी खायचा, कोपरापर्यंत हात धुऊन परत यायचा. मी त्याला सुरुवातीलाच एकदा म्हटलं होतं, "दही बाहर ही रखना." दुधात आयुष्य गेलेल्या माणसाला जगातली कुठलीही घाण दह्यापासूनच येते असं वाटतं. विरजणाचा एक थेंब पाचशे लिटर दूध फिरवतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. केग कोण धुतं? कैलाश. हात कशाचे? दह्याचे. झालं, हिशेब जुळला.

आता जी गोष्ट लिहायची ती लिहिताना अजून लाज वाटते. दह्याचा जंतू गेला की बियर आंबट होते. मी त्या उसळलेल्या केगमधली बियर चाखली होती, तीनदा चाखली होती. ती आंबट नव्हती. माझ्या जिभेने मला सरळ सांगितलं होतं, पण श्रीरंग रोज विचारत होता, "कारण काय?" आणि मला कारण हवं होतं. खरं कारण सापडेपर्यंत जवळचं कारण पकडलं.

निंबाखाली गेलो. कैलाशचा डबा उघडा होता. श्रीरंग माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"कैलाश, ये दही का हाथ है," मी म्हटलं. "मैंने पहले भी बोला था. केग तेरे हाथ से खराब हो रहे हैं."

त्याने घास खाली ठेवला. स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, एकदा सुलटे, एकदा पालथे. "पंद्रा साल में पहली बार मेरे हाथ को गंदा बोल रिये हो, दादा."

"गलत बोल रहा हूँ क्या?"

"आप बोल रिये हो तो सोच के ही बोल रिये होगे."

बस, एवढंच. त्याने डबा बंद केला, नळावर हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत, आणि आत येऊन उरलेले चार केग धुतले. मग ॲप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला नाही. रागावलाय, येईल, असं मनाला सांगितलं. श्रीरंग म्हणाला, "शरदजी, प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना?" मी म्हटलं, "झाला."

नवा माणूस मिळेपर्यंत केग मीच धुवायला लागलो. पाठ मोडली, बोटांची सालं निघाली. वास घेऊन पाहिला, कैलाशसारखं साफ जमेना. तळहात फिरवून पाहिला, मला सगळं स्टील सारखंच गार लागायचं. पुन्हा काटा काढला.

तीन आठवड्यांनी लॉनवर कुणाच्या तरी साठीची पार्टी होती. नळ उघडला. फेस.

मी त्या नळासमोर उभा राहिलो. दही गेलं होतं, कैलाश गेला होता, केग मी माझ्या हातांनी धुतले होते आणि फेस जागच्या जागी होता. म्हणजे मी एका माणसाला पंधरा वर्षांनंतर घाणेरड्या हातांचा म्हटलं, तेही बाहेरून आलेल्या मॅनेजरसमोर, आणि ते खोटं होतं.  

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली आली. झाकण लागलेला केग मी कधी परत उघडत नाही, धुतलेल्यात पुन्हा हवा कशाला घालायची? त्या दिवशी उघडला. बॅटरी मारली. बुडाशी ओलसर चकाकी होती आणि तिच्यात अर्धवट विरघळलेले दाणे. बोट घालून जिभेला लावलं. साखर होती. दुसरा उघडला, साखर. तिसरा उघडला, साखर.

काकू स्टुलावर बसून रिंगा पुसत होत्या.

"काकू, यात साखर कशी आली?"

"मीच टाकते ना, साहेब," त्या सहज म्हणाल्या. "किचनमधून मागून आणते."

"पण कशाला?"

आता त्या चकित झाल्या. "अहो, धुतलेलं भांडं तसंच कसं पाठवायचं? रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये. आमच्याकडे नाही चालत. तुमच्याकडे चालतं का?"

आमच्याकडेही चालत नाही. शेजाऱ्यांच्या वाटीत चार दाणे साखर घातल्याशिवाय सुनंदाने ती कधी परत केलेली नाही, आणि अशा किती वाट्या मी लहानपणापासून पोचवल्यात.

"किती टाकता?"

"आधी चिमूटभर टाकायचे. मग वाटलं, एवढ्या मोठ्या भांड्याला चिमूट बरी दिसत नाही. मग मूठभर टाकायला लागले. मला वाटलं तुम्ही काढून घेता, चहाला होते. तुम्ही कधी काही बोलला पण नाहीत."

आमची बियर गाळलेली नसायची, तिच्यात यीस्ट जिवंत असतं. टाकीतली साखर संपली म्हणून ते स्वस्थ बसलेलं असतं. काकू त्याला मूठभर जेवण वाढत होत्या. कोल्ड रूममध्ये ते थंडीने निजायचं, वरच्या उबेत मात्र ताव मारायचं आणि बंद केगमध्ये गॅसवर गॅस करायचं. सगळं मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातलाच.

"म्हणजे कैलाशभिया माझ्यापायी गेले?"

"नाही काकू. माझ्यापायी गेला."

त्या रडायला लागल्या. मी सोडते काम, म्हणाल्या. मी त्यांना बसवलं. एकाला घालवून पोट भरलं होतं, दुसऱ्याला घालवायची ताकद नव्हती. श्रीरंगला मी सगळं सांगितलं, माझ्या जिभेसकट. तो म्हणाला, "माझी आजीपण असंच करते." काकू राहिल्या. त्यानंतर केगमध्ये दाणाही गेला नाही. पण ट्रॉली रिकामी कशी पाठवायची? मग रोज केगांच्या शेजारी कागदाची एक छोटी पुडी येऊ लागली, साखरेची. मी ती चहात घालायचो. माझी शुगर काठावर आहे हे त्यांना कधी सांगितलं नाही.

त्याच रविवारी स्कूटर काढून हातोदला गेलो. सुनंदाने त्या घट्ट झाकणाच्या डब्यात शंकरपाळे भरून दिले. म्हणाली, "माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि गेल्या गेल्या मागा. नाहीतर तुम्ही हवापाण्यावर बोलून परत याल." ती मला ओळखून आहे.

कैलाश घराजवळच दूध गोळा करायच्या केंद्रावर लागला होता. लोक किटल्या घेऊन रांगेत होते, तो दुधाचा फॅट बघत होता. मला पाहून उठला, हात पुसले. "आओ दादा." घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच म्हटलं, "कैलाश, मैं गलत था. दही नहीं था, शक्कर थी." आणि काकूंची सगळी गोष्ट सांगितली.

त्याची बायको तोंडावर पदर घेऊन हसली. "मूठ भर के?" तिने विचारलं. कैलाश हसला नाही.

"दादा, गलती तो किसी से भी हो जाती है," तो म्हणाला. "एक बात बताओ. आपने चख के देखी थी ना?"

"देखी थी."

"खट्टी थी?"

"नहीं."

"तो फिर?"

त्याला सगळं आधीपासून कळत होतं. मी ज्याला वास घ्यायला शिकवलं त्यालाच कळणार. त्या दिवशी निंबाखाली तो गप्प राहिला तो एवढ्यासाठी की मला ठाऊक असून मी बोलतोय हे त्याला दिसत होतं. दह्याचा आळ त्याला लागला नव्हता. मी स्वतःच्या जिभेशी खोटं बोललो, तेही त्याच्या जिवावर, हे लागलं होतं.

मी म्हटलं, परत ये. तो म्हणाला, "यहाँ ठीक है. घर के पास है." आवाजात राग नव्हता. चहा झाला. निघताना त्याच्या बायकोने शंकरपाळ्यांचा डबा आत नेला आणि दारातून म्हणाली, "डब्बो पछे पोंचई दांगा. अबार घर में कंई नी है, खाली थोड़ी देवां." डबा नंतर पोचवू, आत्ता घरात काही नाही, रिकामा कसा द्यायचा? म्हणजे तिथेही तोच कायदा.

मी परत आलो आणि डब्याची वाट पाहू लागलो. एक महिना, दोन महिने. तुम्ही म्हणाल, एका डब्याचं काय एवढं? पण मला माहीत होतं की तो डबा आता त्याच्या बायकोच्या हातात नाही, कैलाशच्या हातात आहे. भरून पाठवायचा तर मनात काहीतरी हवं. रिकामा पाठवायचा तर ते आमच्याकडे नुसतं भांडण नाही, माणूस तोडल्यासारखं आहे. आणि न पाठवणं म्हणजे अजून ठरलेलं नाही. न पाठवण्यात मला थोडी आशा होती, म्हणून मी कधी आठवणही करून दिली नाही. सुनंदाने दोनदा विचारलं, "माझ्या आईचा डबा कुठेय?" मी म्हटलं, येईल.

मधल्या काळात माझे गुडघे गेले आणि मी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी मल्हारगंजच्या आजोबांनी मला जीरावनची पुडी दिली. काकूंनी माझा जेवणाचा डबा धुऊन दिला, आत अर्थातच साखर. आता सकाळी लालबागेत चालतो, दहा मिनिटं चालतो आणि वीस मिनिटं बाकावर बसतो. समोरून दुधाच्या गाड्या जातात. हातोदकडच्या असतील का, असं उगाच मनात येतं.

मागच्या आठवड्यात हा लेख अर्धा झाला होता, तेव्हा सकाळी दारात एक दुधाची गाडी थांबली. ड्रायव्हरने पिशवी पुढे केली. "कैलाश भिया ने भिजवाया है." मी विचारलं, "कुछ बोला?" तो म्हणाला, "नहीं. बस बोला, हाथ में देना."

पिशवीत डबा होता. घासून लख्ख केलेला, सुनंदाच्या आईचं नाव नव्यासारखं वाचता येत होतं. आणि डबा हलका होता. मी हलवून पाहिला, आवाज नाही. पुन्हा हलवला. काही नाही. मी तो ओट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन पेपर उघडून बसलो. एक अक्षर वाचलं नाही. एवढी वाट पाहून शेवटी रिकामा आला, म्हटलं. बरोबरच आहे. आपण कमावलं होतं तेवढंच मिळालं.

आतून सुनंदाचा आवाज आला. "अहो, हे काय पाठवलंय यांनी?"

मी उठून गेलो. डब्याच्या तळाशी फडक्यात दाबून बसवलेली कागदाची एक घट्ट पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. सुनंदाने ती सोडली. आत साखर होती. मूठभर.

"एवढ्या मोठ्या डब्यात एवढीशी साखर?" ती म्हणाली.

मी मुठीत घेऊन पाहिली. बरोबर भरली. "मोजून पाठवलीय," मी म्हटलं. "एका केगला पुरेल एवढी." आणि मला हसू यायला लागलं, आणि मग दुसरंही काही यायला लागलं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. कैलाश हसताना तोंड उघडत नाही, नुसते खांदे हलवतो. हातोदला बसून तो पुडी बांधताना कसा खांदे हलवत असेल ते मला लख्ख दिसलं.

सुनंदाने त्या साखरेचा चहा केला. गोडच झाला, तरी मी तिला सगळी घालू दिली नाही. चार दाणे डब्यात ठेवायला लावले. परवा भाऊबीज झाली की चकल्या भरून तो हातोदला न्यायचाय, आणि चकल्या कमी पडल्या तर डबा रिकामा कसा द्यायचा?